तोरण्याचे दूरदेशीचे भाऊबंद

पावसाळा संपत आला की भोर-वेल्ह्याकडच्या गडांवर पहाटे एक दृश्य हमखास दिसते. तोरण्यावर मुक्काम केलेला असावा, उजाडायच्या वेळी तटावर येऊन उभे राहावे. खालचे कानंद खोरे दिसतच नाही. गुंजण मावळ, हिरडस मावळ, वेळवंड खोरे सगळे पांढऱ्या धुक्याने काठोकाठ भरलेले असते. त्या पांढऱ्या समुद्रातून समोर राजगडाचा बालेकिल्ला तेवढा वर आलेला असतो. दक्षिणेला रायरेश्वराचे लांबलचक पठार, त्याच्या अलीकडे रोहिडा, ईशान्येला सिंहगड. मुलांची सहल बरोबर असली, तर कोणीतरी म्हणतेच, "बाई, ही बेटं आहेत!"

हीच मुले शाळेत ज्वालामुखीचा धडा शिकतात. पुस्तकातले चित्र सगळ्यांच्या परिचयाचे आहे : शंकूच्या आकाराचा डोंगर, माथ्यावर खळगा, त्यातून उसळणारा लाल रस. धड्यात असेही वाक्य असते की, सह्याद्रीचा खडक ज्वालामुखीतून आलेला आहे. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, मग तोरण्याचं तोंड कुठे आहे?"

प्रश्न अवघड आहे. तोरण्याला शंकू नाही, माथ्यावर खळगा नाही. राजगडाला नाही, रायरेश्वराला तर नाहीच. त्याचा माथा टेबलासारखा सपाट. या प्रश्नापाशी शिक्षकाला पुस्तक आणि समोरचा डोंगर यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते आणि बहुतेक वेळा पुस्तक जिंकते. हाच प्रश्न भूशास्त्रज्ञांनाही दीडशे वर्षांहून अधिक काळ पडलेला होता. त्यांनी त्याचे उत्तर कसे शोधले, तो इतिहास इथे सांगायचा आहे. शोध भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरांत सुरू होतो आणि साडेचार हजार किलोमीटरहून दूर, हिंदी महासागरातल्या काही निर्मनुष्य बेटांपर्यंत जाऊन पोचतो. धुक्यातली बेटे पाहणाऱ्या मुलांचे बोलणे वाटते तितके पोरकट नाही.

उकळत्या पाण्याने उंची मोजणारा लष्करी अधिकारी

पेशवाई संपून सहाच वर्षे झाली होती. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्याच्या कामावर नेमले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड हा त्याचा मुलूख. शेती, पिके, वजने-मापे, लोकसंख्या यांची माहिती गोळा करणे हे त्याचे काम. पण या माणसाला सगळ्यातच रस होता. पक्षी आणि मासे त्याने गोळा केले, पाऊस आणि हवेचा दाब नोंदवला आणि खडकही पाहिले.

डोंगरांची उंची काढण्यासाठी तो वायुभारमापक वापरत असे. पण पाऱ्याची ती लांब काचेची नळी घोड्यावरून घाट चढवताना फुटायची. म्हणून साइक्सने साध्या तापमापकाचाही उपयोग केला. उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण तीनशे मीटरमागे एक अंश सेल्सिअस, असा ढोबळ हिशेब धरता येतो. तोरण्याचा माथा सुमारे १४०० मीटर उंच आहे. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळेल. सहलीला जाताना प्रयोगशाळेतला तापमापक आणि एक पातेले बरोबर घेतले, तर हा प्रयोग आपल्यालाही करता येतो. १८३८ साली साइक्सने या पद्धतीवर लंडनच्या भौगोलिक संस्थेच्या नियतकालिकात निबंधही लिहिला.

दख्खनच्या खडकांवरचा त्याचा निबंध १८३३ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे वाचला गेला. त्यात त्याने नोंदवलेली मुख्य गोष्ट अशी की, इथला खडक आडव्या थरांचा आहे. काळ्या, कठीण बेसाल्टचा एक थर, त्यावर बारीक पोकळ्या असलेल्या ठिसूळ खडकाचा थर, पुन्हा कठीण थर, अशी चवड मैलोन् मैल चाललेली. कठीण थराचा उभा कडा होतो आणि मऊ थराचा उतार. म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. अशा खडकाला युरोपात 'ट्रॅप' म्हणत. स्वीडिश भाषेत 'ट्रप्पा' म्हणजे जिना. 'दख्खन ट्रॅप' या नावाचा अर्थ त्यामुळे 'दख्खनचा जिना' असा लावायला हरकत नाही.

या निरीक्षणातून एक मोठी गोष्ट निघते आणि ती मुलांना स्वतः शोधू द्यावी. दरीच्या या अंगाला जो थर ज्या उंचीवर आहे, तोच थर समोरच्या डोंगरावर साधारण त्याच उंचीवर दिसतो. मधला भाग गेला कुठे? पोळ्यांच्या चवडीत मधोमध सुरी फिरवावी, तसा तो नद्यांनी कापून नेला. म्हणजे तोरणा आणि राजगड हे जमिनीतून वर आलेले दोन डोंगर नव्हेत. ते एकाच विस्तीर्ण पठाराचे उरलेले तुकडे आहेत. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा या नद्यांनी कोरून टाकायचे जे राहिले, त्याला आपण डोंगर म्हणतो.

पाणी की आग?

साइक्सचा निबंध लिहिला गेला, तेव्हा बेसाल्ट हा मुळात अग्निजन्य खडक आहे की नाही, यावरचे जुने भांडण नुकतेच मिटत होते. जर्मनीतील फ्रायबर्गचे प्राध्यापक वेर्नर यांनी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवले होते की, बेसाल्ट हा आदिसमुद्राच्या पाण्यातून साचलेला साका आहे. थर आडवे आहेत, म्हणजे ते पाण्यातच बसले असणार, हा युक्तिवाद पटण्यासारखाही होता. उलट फ्रान्समधील देमारे यांनी १७६३ साली ओव्हेर्न्य प्रांतात बेसाल्टचे खांब पाहिले. त्या खडकाचा माग काढत गेल्यावर तो थेट विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखापर्यंत जाऊन भिडतो, असे त्यांना आढळले. "या आणि बघा," हे त्यांचे उत्तर.

दख्खनमध्ये मात्र माग काढत जाऊन भिडायला मुखच सापडत नव्हते. थर आगीचे असतील, पण ते समुद्राच्या तळाशी पसरले असतील, असेही काहींना वाटे. या शंकेला उत्तर मिळाले नागपूरहून. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनरी शिक्षकांनी नागपूरजवळ टाकळी भागात दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडलेल्या गाळाच्या पातळ थरातून जीवाश्म गोळा केले. त्यात गोगलगायी होत्या आणि त्या गोड्या पाण्यातल्या होत्या. १८५५ साली त्यांचा निबंध लंडनला प्रसिद्ध झाला. अर्थ स्पष्ट होता. एक लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यांत गोगलगायी वाढल्या, आणि मग दुसरा लाव्हा आला. हे सगळे जमिनीवर घडत होते, आणि दोन लाव्हांच्या मध्ये पुरेसा काळ जात होता.

आपल्या गडांवरही या मधल्या काळाची खूण असते. दोन काळ्या थरांच्या मध्ये वीटकरी रंगाचा, मऊ मातीसारखा पट्टा दिसतो. वरचा लाव्हा येण्यापूर्वी खालच्या लाव्ह्याचा पृष्ठभाग हवेने, पाण्याने कुजला आणि त्याची माती झाली; शिवाय उडून आलेली राखही त्यात मिसळली. पुढच्या गरम लाव्ह्याखाली तो थर भाजून निघाला. गड चढताना आपण या तांबड्या पट्ट्यावरून चालत जातो, मुले त्याचे ढेकूळ उचलून दगडावर रेघा ओढतात. पण तो थर म्हणजे थांबलेल्या काळाचे पान आहे, हे सांगितले जात नाही.

१८६७ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम आणि मध्य भारतातील ट्रॅपचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लाव्हा जमिनीवर पसरला, हे त्यांनी मान्य केले. मुखे शोधताना त्यांना शंकू सापडले नाहीत. सापडल्या त्या भिंती. थरांना उभ्या छेदून जाणाऱ्या काळ्या दगडाच्या या भिंतींना भूशास्त्रात 'डाइक' किंवा 'भित्ती' म्हणतात. जमिनीला लांबच लांब भेग पडते, तिच्यातून रस वर येतो, पसरतो, आणि शेवटी भेगेत उरलेला रस तिथेच थिजतो. आजूबाजूचा मऊ खडक झिजला की थिजलेली भेग भिंतीसारखी उघडी पडते.

भेगेतून लाव्हा येतो याचा पुरावा माणसाने डोळ्यांनी पाहिलेला होता. ८ जून १७८३ रोजी आइसलंडमध्ये लाकी येथे जमीन उलली. सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत राहिला. तो सुमारे पंधरा घनकिलोमीटर भरला. विषारी वायूंनी गवत जळाले, जनावरे मेली, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. दख्खनमधील काही एकेका लाव्ह्याचे आकारमान हजार घनकिलोमीटरच्या वर असावे, असा आजचा अंदाज आहे. लाकीशी तुलना केली म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळाले : तोरण्याला तोंड नाही, कारण लाव्हा तोंडातून आलाच नाही, तो भेगांतून आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाशिक-पुणे भागातील डाइकमधील दगडाची रासायनिक घडण सह्याद्रीच्या वरच्या थरांशी जुळते, असे दाखवले गेले. वरचे थर म्हणजे पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही नावे मिळालेले थर. ज्या चवडीतून आपले गड कोरले गेले, तिच्यातलेच हे थर.

पण उत्तर अर्धेच झाले. भेगांतून रस आला खरा; पण इतका रस भेगांखाली आला कुठून? आणि आता तो का येत नाही?

डार्विनच्या वाटेवरची बेटे

साइक्सचा निबंध वाचला गेला त्यानंतर तीन वर्षांनी, २९ एप्रिल १८३६ च्या सकाळी 'बीगल' जहाज मॉरिशसच्या उत्तर टोकाला वळसा घालून पोर्ट लुई बंदरात शिरले. जहाजावर चार्ल्स डार्विन होता. मॉरिशसचे महासर्वेक्षक कॅप्टन लॉईड यांच्याकडे तो पाहुणा म्हणून गेला. त्यांच्याकडे बेटावरचा एकुलता एक हत्ती होता आणि त्यावर बसून डार्विनने फेरफटकाही केला. रस्त्यांवर काम करणारे हिंदुस्थानी कैदीही त्याने पाहिले. असे सुमारे आठशे जण तिथे असल्याचे तो लिहितो.

१८४४ साली ज्वालामुखी बेटांवरच्या पुस्तकात डार्विनने मॉरिशसचे वर्णन केले. बेटाच्या कडेने डोंगरांचे कडे आहे. ते बेसाल्टच्या थरांचे आहे आणि थर बाहेरच्या बाजूला, समुद्राकडे उतरते आहेत. मधला भाग नाहीसा झालेला आहे. म्हणजे आजचे डोंगर हे एका मोठ्या, जुन्या ज्वालामुखी पर्वताची उरलेली कड आहे. पाहा, तर्काची पद्धत साइक्सच्या चवडीसारखीच आहे : दोन तुकडे बघायचे, थर जुळवायचे आणि मधला हरवलेला भाग मनाने भरून काढायचा.

'बीगल'ने ज्या उत्तर टोकाला वळसा घातला, त्याच्या पलीकडे समुद्रात काही छोटी बेटे आहेत. त्यांच्यावर गाव नाही, शेती नाही, कायमची वस्ती नाही. किनाऱ्याला सर्वांत जवळचे ते गनर्स क्वॉइन. क्वॉइन म्हणजे तोफेचे तोंड वरखाली करण्यासाठी नळीखाली घालायची लाकडी पाचर. बेटाचा आकार तसाच आहे, एका बाजूला उभा कडा आणि दुसरीकडे उतार. त्यापुढे फ्लॅट आयलंड म्हणजे सपाट बेट आणि त्याला चिकटून गॅब्रिएल. आणखी पुढे, मॉरिशसपासून सुमारे बावीस किलोमीटरवर, राउंड आयलंड आणि त्याच्याजवळ सर्पंट आयलंड. नावांची एक गंमत आहे. राउंड आयलंड गोल नाही आणि सर्पंट आयलंडवर साप नाहीत. साप आहेत ते राउंड आयलंडवर. जुन्या नकाशात नावांची अदलाबदल झाली असावी, असे म्हणतात.

राउंड आयलंडचे क्षेत्रफळ अवघे दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि उंची मात्र २८० मीटर. समुद्रातून सरळ वर आलेला हा एक घुमटच. त्याचा खडक तोरण्याच्या बेसाल्टसारखा नाही. तो राख दाबून तयार झालेला, थराथरांचा 'टफ' आहे. कारण सोपे आहे. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले तर ते तडतडून उडते. वर येणाऱ्या रसाला समुद्राचे पाणी भेटले की वाफेचे स्फोट होतात, रसाचे बारीक कण होतात आणि राखेचे कडे साचते. गनर्स क्वॉइन आणि फ्लॅट आयलंड हीदेखील अशा कड्यांची लाटांनी खाऊन उरलेली अवशेषे. मॉरिशसच्या ज्वालामुखींच्या इतिहासातला हा अगदी शेवटचा टप्पा आहे. राउंड आयलंडचे वय २५ हजार ते एक लाख वर्षांच्या दरम्यान सांगतात. पुस्तकातल्या चित्रातला ज्वालामुखी ज्याला हवा आहे, त्याने इथे यावे.

या बेटांकडे शास्त्रज्ञांच्या आधीपासून आणखी काही डोळे लागलेले होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून कराराने बांधलेले मजूर उसाच्या मळ्यांवर मॉरिशसला जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये मराठी बोलणारी माणसे होती. त्यांच्या वंशजांनी आजही तिथे मराठी आणि गणेशोत्सव जपला आहे. उत्तरेकडून येणाऱ्या जहाजांना मॉरिशसची पहिली चाहूल द्यायला १८५५ साली फ्लॅट आयलंडवर दीपगृह उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी, १८५६ साली, कलकत्त्याहून आलेल्या 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' या दोन जहाजांवर पटकी लागल्यामुळे उतारूंना गॅब्रिएल बेटावर उतरवून ठेवण्यात आले. धड निवारा नाही, पुरेसे पाणी नाही. शेकडो माणसे तिथेच मेली. निर्मनुष्य बेट या शब्दाला एक दुसरीही बाजू असते, ती ही.

मुंबईहून निघालेल्या त्या मजुरांची जहाजे लक्षद्वीप, मालदीव, चागोस या बेटांच्या बाजूबाजूने दक्षिणेकडे जात. आपल्या गावच्या काळ्या दगडाचा मागच आपण तुडवत चाललो आहोत, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. तसे ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

आग राहिली, जमीन निघाली

विसाव्या शतकाच्या मध्यावर दगडातला होकायंत्र वाचण्याची विद्या आली. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात आणि तसेच राहतात. विषुववृत्तावर ही दिशा आडवी असते आणि ध्रुवांकडे जावे तशी ती अधिकाधिक कलते. म्हणून दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे त्यावरून काढता येते. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनीही या कामात भाग घेतला. निष्कर्ष असा की, हे लाव्हे पसरले तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती! तोरण्याचा दगड उत्तर गोलार्धात जन्मलेला नाही.

त्यानंतर १९६३ साली कॅनडाच्या टुझो विल्सन यांनी हवाई बेटांच्या रांगेसाठी एक कल्पना मांडली. पृथ्वीच्या कवचाखाली खोलवर एक तप्त ठिकाण स्थिर आहे आणि त्यावरून कवचाचा पट्टा सरकत जातो. खाली मेणबत्ती ठेवून वरून कागद हळूहळू ओढावा, तशी डागांची रांग उमटत जाते. १९७१ साली जेसन मॉर्गन यांनी ही कल्पना वाढवली. दख्खनचे लाव्हे, लक्षद्वीप-मालदीव-चागोसची समुद्रबूड कटक, मॉरिशस आणि रियुनियन ही एकाच तप्त ठिकाणाची रांग असावी, असे चित्र त्यातून पुढे आले. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागा आहे.

कल्पना तपासायची तर समुद्रतळाला भोक पाडून दगड बाहेर काढायला हवा. १९८७ साली 'जॉयडीस रेझोल्यूशन' हे संशोधन जहाज पोर्ट लुईहून याच कामासाठी निघाले. मालदीवपाशी, चागोसपाशी आणि मॅस्करीन पठारापाशी त्याने गाळाखालचा बेसाल्ट बाहेर काढला. वये अशी आली : मालदीव सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षे, चागोस सुमारे ४ कोटी ९० लाख, मॅस्करीन पठार सुमारे ३ कोटी ३० लाख. एका टोकाला दख्खन ६ कोटी ६० लाख वर्षांचे, दुसऱ्या टोकाला मॉरिशस ८०-९० लाख वर्षांचे आणि रियुनियन त्याहूनही तरुण. वये ओळीने उतरत गेली.

यातला एक हिशेब वर्गात करून बघण्यासारखा आहे. नकाशात भोर गाव पाहा : साधारण १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ५० मिनिटे पूर्व रेखांश. मालदीवजवळचे छिद्र ५ अंश उत्तरेवर आणि जवळजवळ त्याच रेखांशावर आहे, म्हणजे भोरच्या बरोबर दक्षिणेला. फरक १३ अंशांचा. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर सुमारे १४५० किलोमीटर. वयांतला फरक ९० लाख वर्षांचा. भागाकार केला की वर्षाला सुमारे १६ सेंटिमीटर येतात. आता मालदीव ते चागोस. ते छिद्र ४ अंश दक्षिणेवर आहे. अंतर सुमारे १००० किलोमीटर, काळ ८० लाख वर्षे. उत्तर वर्षाला साडेबारा सेंटिमीटर. वेग कमी का झाला? याच सुमारास भारताचा पट्टा उत्तरेला आशियाला जाऊन टेकत होता. हिमालयाचा धडा आणि तोरण्याचा धडा इथे एकमेकांना भेटतात. हिशेब ढोबळ आहे, कारण दख्खनचे लाव्हे शेकडो किलोमीटर पसरले आणि ते ठिकाण नेमके भोरखालीच होते असे नाही. पण मुलांना पट्टीने मोजता येईल असा भूखंडाचा वेग यातून मिळतो.

पुढे समुद्रतळाची मधली कटक या तप्त ठिकाणावरून सरकली आणि रांग दोन पट्ट्यांत विभागली गेली. म्हणून मालदीव आणि चागोस आपल्या बाजूच्या पट्ट्यावर राहिले, तर मॉरिशस आणि त्याची छोटी बेटे आफ्रिकेच्या पट्ट्यावर आहेत.

विज्ञानात शेवटचा शब्द सहसा कोणाचाच नसतो. आय.आय.टी. मुंबईचे हेतू शेठ यांनी २००५ साली या तप्त ठिकाणाच्या कल्पनेलाच आक्षेप घेतला. दख्खन ते रियुनियन अशी रांग दिसते, पण तिचे स्पष्टीकरण वेगळे असू शकते, असे त्यांचे म्हणणे. २०१३ साली मॉरिशसच्या किनाऱ्यावरील वाळूत बेटापेक्षा कितीतरी जुने झिरकॉनचे कण सापडले आणि त्याखाली बुडालेल्या जुन्या भूखंडाचा तुकडा असावा, अशी चर्चा सुरू झाली. हे मतभेद मुलांपासून लपवू नयेत. प्रश्न अजून जिवंत आहे, हे कळण्याचा आनंद पाठ केलेल्या उत्तरात नसतो.

तांबड्या पट्ट्याची साक्ष

शेवटी पुन्हा गडाच्या वाटेवर येऊ. दख्खनचे लाव्हे किती काळात ओतले गेले, हे ठरवताना शास्त्रज्ञांना अडचण होती, कारण बेसाल्टमध्ये वय काढायला सोयीचे झिरकॉनचे स्फटिक सहसा मिळत नाहीत. ते मिळाले दोन थरांमधल्या तांबड्या पट्ट्यात, तिथे उडून पडलेल्या राखेत. पश्चिम घाटातील अशा पट्ट्यांतून काढलेल्या झिरकॉनवर आधारलेले काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून या लाव्ह्यांचा बराच मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर आणि डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमारास ओतला गेला, असे दिसते. ज्या मातीने मुले दगडावर रेघा ओढतात, तिच्यासारख्याच मातीने जगाच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न सोडवायला मदत केली.

थर किती जाड आहेत, याचीही साक्ष मिळाली आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदलेल्या छिद्रात ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. कोयना भागात तो ९३३ मीटरच्या आसपास संपला. पूर्वेकडे पातळ, सह्याद्रीकडे जाड. चवड जिथे जाड आहे, तिथेच नद्यांना खोल दऱ्या कोरता आल्या आणि आपले गड तिथेच उरले.

दूरच्या बेटांनीही एक शिकवण दिली आहे. राउंड आयलंडवर एकोणिसाव्या शतकात शेळ्या आणि ससे सोडले गेले. त्यांनी झाडोरा खाल्ला, उघड्या पडलेल्या राखेत पावसाने घळी पाडल्या, माती समुद्रात गेली. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ साली ससे हटवल्यावर ताडाची रोपे पुन्हा उगवू लागली. पण गेलेली माती परत आली नाही. आपल्या माथ्यांवरचीही मातीची साय अशीच पातळ आहे. वणवा लागलेल्या उतारावरून पहिल्या पावसात कोणत्या रंगाचे पाणी वाहते, हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही.

तर, "तोरण्याचं तोंड कुठे आहे?" या प्रश्नाला आता दोन उत्तरे देता येतील. जवळचे उत्तर : तोंड नव्हतेच, भेगा होत्या, आणि थिजलेल्या भेगा काळ्या भिंतींच्या रूपाने आजही याच मुलखात उभ्या आहेत; चला, शोधू या. दूरचे उत्तर : त्या भेगांना रस पुरवणारी आग बहुधा विझलेलीच नाही. ती होती तिथेच, दक्षिणेच्या समुद्राखाली राहिली. आपणच आपल्या गडांसकट तिच्यापासून निघून उत्तरेला आलो.

पुढच्या सहलीत पहाटेच्या धुक्यात कोणी "ही बेटं आहेत" म्हणाले, तर त्याला थांबवू नका. नकाशा उघडा आणि भोरपासून दक्षिणेकडे एक रेघ ओढायला सांगा.